न विचारता काढलेली तसवीर

धाकटा भाऊ कोपनहेगनला असतो. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला होता, तिथून कंपनीने २०१९ मध्ये डेन्मार्कला पाठवले, तो तिथेच रमला. दर जुम्याला नमाजनंतर त्याचा फोन येतो. बर्फ किती पडला, हलाल मटण कुठे मिळाले, मुलीला मराठी येते पण उर्दू वाचता येत नाही, अशा गोष्टी चालतात. गेल्या हिवाळ्यात मात्र तो वेगळेच काही सांगू लागला. सुट्टीच्या दिवशी घरात बसून कंटाळा येतो म्हणून त्याने संग्रहालये बघायला सुरुवात केली होती. समुद्राच्या काठावर काळ्या ग्रॅनाइटची एक तिरकी इमारत आहे, तिथल्या राजेशाही ग्रंथालयाचा तो नवा भाग. तिला ‘काळा हिरा’ म्हणतात. १९९९ मध्ये ती उघडली आणि राष्ट्रीय छायाचित्र संग्रहालयही तिथेच सुरू झाले. भाऊ तिथे गेला आणि जुन्या काळच्या बायकांच्या फोटोंपुढे उभा राहिला.

“आपा, कोण कुठल्या त्या बाया. दीडशे वर्षे झाली मरून. त्यांची तोंडे मी बघतोय, आणि अम्मीचे तोंड मला आठवत नाही. डोळे मिटले की आधार कार्डावरची अम्मी दिसते. ती अम्मी नाही. तुझ्याकडे एखादा फोटो असेल तर पाठव.”

मी म्हणाले, “बघते.” आणि फोन ठेवला.

बघायचे काही नव्हते. फोटो होता आणि कुठे आहे तेही मला पक्के ठाऊक होते. कपाटातल्या वरच्या खणात, अम्मीच्या तसबीहशेजारी ठेवलेल्या माझ्या जुन्या मोबाइलमध्ये.

आमच्या अम्मीने उभ्या आयुष्यात हौसेने फोटो काढून घेतला नाही. मतदार ओळखपत्र आणि आधार, हे दोन सरकारने काढले. पासपोर्टचा तिसरा निघाला असता, पण हजचे राहून गेले. लग्नात फोटोवाला स्टेजकडे वळला की ती भटारखान्याकडे निघून जायची. व्हिडिओ कॉल आला तर मोबाइल छताकडे तोंड करून ठेवायची आणि म्हणायची, “आवाज सुन मेरा, मूं क्या देखता?” भावाने कित्येक महिने अम्मीशी बोलताना आमच्या घराचा पंखाच बघितला.

२०१८ च्या जानेवारीतली गोष्ट. ती अंगणात उन्हाला बसून मेथी निवडत होती. शेजारच्या भाबींनी काहीतरी सांगितले आणि अम्मी खदखदून हसली. पदर खांद्यावर आलेला, पांढऱ्या केसांची बट कपाळावर, पुढचे दोन दात नसलेले. मी दारात होते. हातातल्या मोबाइलवर बोट कधी दाबले गेले ते कळले नाही, असे मी लिहिणार होते. पण ते खरे नाही. मला चांगले कळले होते. आवाज झाला तशी तिने मान वर केली.

“मिटा डाल वो. मैं मरे बाद किस किस के हात में जाएगा.”

मी म्हटले, “मिटाया अम्मी.”

मिटवला नव्हता.

२०२१ च्या रमजानमध्ये अम्मी गेली. ते दिवस कसे होते हे वाचकांना सांगायला नको. विमाने बंद होती, मय्यत घरी आणता आली नाही. आखरी दीदार म्हणतो तो आमच्यापैकी कुणालाच झाला नाही. भाऊ तर हजारो मैलांवर होता. त्यामुळे त्याचे मागणे साधे नाही हे मला समजते. मातीआधी जे तोंड बघायचा त्याचा हक्क होता, तेच तो मागतो आहे. आणि मी द्यायला कचरते आहे, कारण जे द्यायचे ते माझे नाही.

इथे कुणी लगेच म्हणेल की तसवीर मुळात हराम, मग चर्चा कशाची? आणि दुसरा कुणी म्हणेल की एकविसाव्या शतकात हा काय प्रश्न आहे? दोघांनाही उत्तर देण्याइतकी मी आलिमा नाही, बी.एड. झालेली एक मास्तरीण आहे. पण थोडेफार वाचले आहे. जिवंत प्राण्यांच्या प्रतिमा घडवणाऱ्यांबद्दल हदीसमध्ये कडक इशारे आहेत, हे खरे. त्याच हदीसच्या ग्रंथांत हजरत आयेशांच्या (र.) बाहुल्यांचीही हकीकत आहे, त्यांत एक पंखांचा घोडा होता आणि तो बघून हुजूर (स.) हसले होते. चित्रे काढून पोट भरणाऱ्या एका माणसाला हजरत इब्ने अब्बास (र.) यांनी झाडांची आणि निर्जीव वस्तूंची चित्रे काढायला सांगितले. म्हणजे त्याची रोजी त्यांनी तोडली नाही, वळवली. पुढे फोटोचे यंत्र आले तेव्हा नवा वाद उभा राहिला. विसाव्या शतकाच्या आरंभी इजिप्तचे मुफ्ती शेख मुहम्मद बखीत यांनी असे मत मांडले की फोटो म्हणजे घडवलेली प्रतिमा नव्हे, अडवून धरलेली सावली आहे. आपल्याकडच्या बहुतेक उलमांनी ते मानले नाही. देवबंदच्या दारुल उलूमने २०१३ मध्येही ओळखपत्र आणि पासपोर्टापुरतीच सूट दिली होती. मोबाइलमधली तसवीर कागदावर उमटेपर्यंत तसवीर ठरत नाही, असे म्हणणारे आलिमही आज आहेत.

या सगळ्यात मला सर्वांत जवळची वाटते ती पडद्याची हदीस. हजरत आयेशांनी (र.) घरात चित्रांचा पडदा लावला होता. हुजूर (स.) सफरीहून आले, त्यांना तो आवडला नाही, त्यांनी तो उतरवला. मग त्याच कापडाच्या उशा झाल्या. उलमा याचा अर्थ असा लावतात की चित्राला मानाची जागा मिळू नये, ते टेकायच्या वापरात आले तर चालते. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. कापड जाळले गेले नाही. त्याची जागा बदलली. वस्तू तीच, पण ती कुठे आहे आणि कुणाच्या नजरेसमोर आहे, यावर हुकूम बदलला.

अम्मीला यातले काहीच ठाऊक नव्हते. तिच्या नकारात फतवा नव्हता. ‘किस किस के हात में जाएगा’ एवढेच तिचे म्हणणे होते. आपला चेहरा आपल्या हातातून सुटून परक्याच्या हाती जाईल, आणि तेव्हा पदर सारखा करायला आपण नसू, ही ती भीती. ही भीती धर्म न मानणाऱ्या बाईलाही असू शकते.

आम्हा शिक्षकांना तर ही भीती कधी शिवलीच नाही. खिचडी वाटताना फोटो, झाड लावताना फोटो, हात धुवा दिनाला हात धुताना फोटो. काम झाले की नाही ते नंतर, आधी फोटो ग्रुपवर पडला पाहिजे. २०१६ च्या अखेरीस मुलांसोबत सेल्फी काढून पाठवण्याचा आदेशच निघाला होता. शिक्षकांनी आरडाओरड केल्यावर तो बारगळला. पण आमची आरडाओरड कशाबद्दल होती? नेट नाही, वेळ नाही, मोबाइल स्वतःच्या पैशाचा, याबद्दल. मुलांना विचारले का, हा मुद्दा माझ्या तरी डोक्यात आला नव्हता. ज्या पोराची चप्पल तुटलेली आहे त्याला पहिल्या रांगेत उभे करून मीही फोटो काढलेला आहे.

हा मुद्दा डोक्यात घातला तो सातवीतल्या एका मुलीने, पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात.

आमची सहल दरवर्षी किल्ल्यावर नाहीतर पाण्याच्या उद्यानात जाते. त्या वर्षी मी हट्टाने संग्रहालय घेतले. एका पालकाने मुलाला पाठवले नाही. तिथे मूर्ती आहेत, म्हणाला. मी त्याच्याशी वाद घातला नाही. बाकीची पोरे शुक्रवार पेठेतल्या त्या वास्तूत शिरली आणि गप्प झाली. दिवे, अडकित्ते, फण्या, दौती, पाय घासायच्या वज्री, पानदाने, कोरीव दरवाजे. कवी ‘अज्ञातवासी’ म्हणजे डॉ. दिनकर केळकर, जन्म १८९६ चा. १९२० च्या सुमारापासून गावोगाव हिंडून त्यांनी हे जमवले. त्यांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच वारला, त्याच्या नावाने हे संग्रहालय १९६२ मध्ये उभे राहिले आणि १९७५ मध्ये त्यांनी ते सरकारला देऊन टाकले. आज तिथे सुमारे २० हजार वस्तू आहेत आणि त्यांतल्या अडीच हजारांच्या आसपासच एका वेळी मांडता येतात. पोरांना मी हे सांगितले तेव्हा एकाने विचारले, “राजाची वस्तू कोणती?” मला उत्तर देता आले नाही. इतक्या पसाऱ्यात बहुतेक वस्तू अशाच आहेत की वापरणाऱ्याचे नाव कुणाला माहीत नाही. कुणा बाईच्या वज्रीने कुणा बाईचे पाय घासले गेले, एवढेच.

मग आम्ही मस्तानी महालात आलो. मस्तानीसाठी कोथरूडला १७३४ च्या सुमारास बांधलेल्या महालाचे अवशेष केळकरांनी आणवून तिथे पुन्हा उभे केले आहेत. आमच्या पोरांना मस्तानी परकी नाही. शिक्रापूरच्या चौकातून पाबळकडे वळले की पंधरा-वीस किलोमीटरवर तिची कबर आहे. १७४० च्या एप्रिलमध्ये बाजीराव रावेरखेडीला गेला आणि त्याच सुमारास ती पाबळला गेली. कशी गेली याच्या दहा कथा आहेत. तिचा मुलगा समशेर बहादूर १७६१ मध्ये पानिपतात लढून जखमांनी मेला. पाबळच्या कबरीला कुणी समाधी म्हणते, कुणी मजार म्हणते. दोघेही फूल ठेवतात. अम्मी माहेरी जाताना त्या वाटेने जायची. एसटी तिथून पुढे गेली की बसल्या जागी फातिहा पढायची. मी एकदा विचारले, तुझी कोण लागते ती? म्हणाली, “औरत थी, अकेली मरी.”

तर महालात उभ्या राहून एका पोरीने मला विचारले, “मॅडम, दीपिकाचा फोटो नाही इथे?”

सगळी हसली. २०१५ च्या सिनेमानंतर मस्तानीला दीपिकाचे तोंड मिळाले आहे. मी त्यांना सांगितले की पुस्तकांतून मस्तानीची म्हणून चित्रे छापतात, पण ती तिचीच, असे खात्रीने म्हणता येत नाही. ती कशी दिसायची ते आपल्याला माहीत नाही. तेव्हा त्या मुलीने, जी वर्गात कधी हात वर करत नाही तिने, हळूच विचारले, “मग तिला विचारल्याशिवायच दुसरीचे तोंड लावले?”

आणि थोड्या वेळाने, मी सगळ्यांना ओळीत उभे करून मोबाइल वर धरला तेव्हा ती म्हणाली, “मॅडम, मी बाजूला होऊ?”

मी म्हटले, हो. त्या फोटोत ती नाही. ग्रुपवर पाठवला तेव्हा एकाने विचारले, पटावर इतके आणि फोटोत एक कमी का?

नंतर बरेच दिवस मी हे डोक्यात घोळवत होते. छायाचित्रकला १८३९ मध्ये जगापुढे आली आणि १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघालीसुद्धा. आपल्याकडे हे यंत्र फार लवकर पोहोचले. डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण हे त्या काळचे आपले फोटोग्राफर. पण त्याच सोसायटीतल्या विल्यम जॉन्सन या साहेबाने मुंबईतल्या जातीजमातींचे फोटो घेऊन १८६३ आणि १८६६ मध्ये दोन खंड छापले. त्यातली युक्ती बघा. माणसांचे फोटो एकीकडे काढायचे, मग त्यांचे आकार कापून दुसऱ्याच देखाव्यावर चिकटवायचे. म्हणजे माणूस जिथे कधी उभाच राहिला नाही तिथे तो कायमचा उभा. त्यानंतर सरकारने ‘द पीपल ऑफ इंडिया’ नावाचे आठ खंड काढले, १८६८ ते १८७५. त्यातही माणूस माणूस म्हणून क्वचितच येतो; तो जातीचा नमुना म्हणून येतो. आज हेच फोटो मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत, आणि माझ्या भावासारखा कुणीतरी त्यांच्यापुढे उभा राहून हळवा होतो. त्या माणसांना कुणी विचारले असेल? विचारले असेल तरी साहेबाला नाही म्हणण्याची कुणाची छाती होती?

पण इथेच माझी गाडी अडते. कारण ते फोटो नसते तर? आपल्या खापरपणजोबांच्या काळची माणसे डोक्याला काय गुंडाळत, कशी बसत, हे आपल्याला कुठून कळले असते? मस्तानीच्या बाबतीत कुणी विचारून वा न विचारता एखादी तसवीर काढून ठेवली असती, तर आज दीपिकाचे तोंड तिला लागले नसते. नकाराचीही किंमत असते. ज्याचा चेहरा उरत नाही त्याला लोक हवा तो चेहरा चिकटवतात. आमच्या समाजाला हे नव्याने सांगायला नको. आम्ही आमची चित्रे काढली नाहीत, आमची कहाणी लिहिली नाही. मग ती दुसऱ्यांनी काढली आणि लिहिली, त्यांना हवी तशी.

भाऊ कोपनहेगनमधल्या दुसऱ्या एका संग्रहालयातही जाऊन आला. शाही बागेच्या समोर, सी. एल. डेव्हिड नावाच्या वकिलाच्या राहत्या घरात ते आहे; वकीलसाहेब १९६० मध्ये वारले. तिथे इस्लामी कलेचा मोठा खजिना आहे आणि तिकीट लागत नाही. इराणच्या फरशा, कुरआनची जुनी पाने, आणि आपल्या दख्खनची चित्रेसुद्धा. भाऊ म्हणाला, “आपा, बिदरचे काम तिथे बघितले आणि मला रडू आले.” ज्या देशातल्या एका दैनिकाने २००५ मध्ये हुजुरांची (स.) व्यंगचित्रे छापून जगभरच्या मुसलमानांचे काळीज फाडले, त्याच देशात मुसलमान कारागिरांच्या हातची वस्तू इतकी जपून काचेत ठेवलेली आहे. दोन्हींना आपण चित्र म्हणतो. एकाने प्रतिमा घेतली ती दुखवायला, दुसऱ्याने जपायला. नियत वेगळी असली की कृत्य वेगळे होते, हे आपण लहानपणापासून ऐकतो.

मग माझी नियत? प्रेमाची होती. पण इथे मी स्वतःला सोडणार नाही. प्रेम होते म्हणून परवानगी मिळाली, असे होत नाही. उलट घरच्या माणसावर आपण जितक्या सहज जबरदस्ती करतो तितकी परक्यावर करत नाही. जॉन्सन साहेबाला मी नावे ठेवते. त्याने निदान कॅमेरा समोर धरला होता. मी दारामागून काढला.

शेवटी मी आमच्या ओळखीच्या एका मौलानांना विचारले. वयस्कर आहेत, कमी बोलतात. मला वाटले ते तसवीर जायज की नाजायज यावर सांगतील. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “मोबाइल में है तो उस पर उलमा में इख्तिलाफ है, वो बाद में देखेंगे. आप ने वालिदा से झूट कहा, उस की तौबा की?”

मी तीन वर्षे फोटोचा विचार करत होते. खोटे बोलल्याचा विचार केलाच नव्हता.

तौबा केली. पण तौबेच्या अटी आहेत: गुन्हा सोडायचा, पश्चात्ताप करायचा, पुन्हा न करण्याचा इरादा करायचा, आणि बंद्याचा हक्क मारला असेल तर तो परत करायचा. ज्याचा हक्क तो कबरीत असेल तर काय परत करायचे? सांगितले होते ते आज करायचे, म्हणजे मिटवायचे? की वारसाला द्यायचे? अम्मीचे घर, भांडी, सोन्याच्या दोन बांगड्या, यांचे हिस्से कसे करायचे ते शरियतमध्ये लिहिलेले आहे, आणि आम्ही तसेच केले. चेहऱ्याचा हिस्सा कसा करतात?

माझे मत मी इथे सांगते. चुकत असेन तर जाणत्यांनी दुरुस्त करावे. मला वाटते अम्मीचा नकार फोटोला नव्हता, प्रवासाला होता. या हातातून त्या हातात, त्यातून आणखी कुठे, याला. मी भावाला व्हॉट्सअॅपवर पाठवला तर तो त्याच्या बायकोच्या फोनमध्ये जाईल, मग मुलीच्या, मग आईच्या दिवसाला कुणीतरी भोवती गुलाबाची फुले लावून स्टेटसला ठेवेल. वाईट हेतूने कुणीच काही करणार नाही आणि तरी अम्मीचे म्हणणे खरे ठरेल. पण मुलाने आईचे हसू बघावे, याला तिने नाही म्हटले असते असे मला वाटत नाही. हेही मीच ठरवते आहे, तिला विचारायची सोय नाही, याची मला जाणीव आहे.

गेल्या महिन्यात मी भावाला सगळे सांगितले. फोटो आहे. अम्मीने मिटवायला सांगितला होता. मी खोटे बोलले. पदर खाली आहे, दात दिसतात. तो इतका वेळ गप्प होता की मला वाटले फोन कट झाला.

मग म्हणाला, “पाठवू नको, आपा. मी येऊन बघेन.”

जुन्या मोबाइलची बॅटरी आता धरत नाही. चौकातल्या दुरुस्तीवाल्या पोराला दाखवला तर तो म्हणाला, मॅडम, ठेवून जा, फोटो सगळे काढून नव्यात टाकून देतो, संध्याकाळी या. चांगला मुलगा आहे, माझाच विद्यार्थी. मी मोबाइल परत पर्समध्ये घातला. भावाला डिसेंबरात सुट्टी आहे. तोवर दर जुम्याला त्याचा फोन यायच्या आधी मी तो अर्धा तास चार्जिंगला लावते.